हार्ड डिस्कचे भाग पाडावेत का? ‘सी’ आणि ‘डी’ ड्राइव्हचे गणित आधी समजून घ्या, मगच हात लावा

कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला पहिला प्रश्न विचारतो, “सीमध्ये काही महत्त्वाचं आहे का? फॉरमॅट मारावं लागेल.” आपण पटकन सांगतो, “नाही, सगळं डीमध्ये आहे.” दोन दिवसांनी कॉम्प्युटर घरी येतो, एकदम झकास चालतो. आणि मग लक्षात येते, की मुलीच्या दाखल्यांचे स्कॅन, बचत गटाचा हिशेब आणि लग्नाचे फोटो तर डेस्कटॉपवर ठेवले होते. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. तो पुसला, की त्यावरचे सगळे गेले.

हा प्रसंग गावोगाव घडतो. त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक जण आता नवीन विंडोज टाकून घेत आहेत. म्हणून हार्ड डिस्कचे भाग पाडावेत का, पाडायचे तर कसे, आणि त्या भागांवर कितपत भरवसा ठेवावा, हे या लेखात साध्या भाषेत पाहू.

थोडक्यात उत्तर

- हार्ड डिस्क मोठी असेल (५०० जीबी किंवा जास्त) आणि एकच सी ड्राइव्ह असेल, तर दोन भाग करणे सोयीचे आहे. दोनापेक्षा जास्त भागांची घरगुती वापरात गरज नाही.
- डिस्क लहान असेल (१२८ किंवा २५६ जीबी), तर भाग पाडू नका. अडचणच जास्त होईल.
- डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी एकाच डिस्कवर असतील, तर डिस्क गेली की दोन्ही जातात.
- भाग पाडण्याआधी महत्त्वाच्या फाईल्सची प्रत कॉम्प्युटरच्या बाहेर काढा. ती निघेपर्यंत पुढचे काही करू नका.

भाग पाडणे म्हणजे नेमके काय?

एक एकर रान आहे असे समजा. मध्ये बांध घातला की त्याचे दोन तुकडे होतात. एका तुकड्यात ऊस, दुसऱ्यात भाजीपाला. ऊस तोडला तरी भाजीपाल्याला धक्का लागत नाही. हार्ड डिस्कचे पार्टिशन तसेच आहे. डिस्क एकच, पण विंडोजला ती सी आणि डी अशी दोन दिसते.

कुठून कुठपर्यंत सी आणि कुठून पुढे डी, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात असते. जसा गावाचा गट नकाशा, तसा हा डिस्कचा नकाशा. ही नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर, नवी जीपीटी. एमबीआरमध्ये मुख्य भाग जास्तीत जास्त ४ करता येतात आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. जीपीटीमध्ये विंडोज १२८ भागांपर्यंत परवानगी देते. शिवाय जीपीटी या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवते, त्यामुळे ती जास्त सुरक्षित. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये जीपीटीच असते.

अनेकांना प्रश्न पडतो, की सुरुवात ‘सी’पासून का? ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले? ती अक्षरे जुन्या काळी फ्लॉपी डिस्कसाठी राखून ठेवलेली होती. हार्ड डिस्क नंतर आली, म्हणून तिला सी अक्षर मिळाले. फ्लॉपी गेली, अक्षरांची सवय राहिली.

तुमच्या मोबाईलमध्येही असे भाग असतातच. फॅक्टरी रीसेट केल्यावर फोटो, ॲप, मेसेज सगळे जाते, पण अँड्रॉइड शिल्लक राहते. कारण अँड्रॉइड एका भागात आणि तुमचा डेटा दुसऱ्या भागात असतो. कॉम्प्युटरमध्ये आपल्याला याच्या बरोबर उलटे हवे असते. विंडोज पुसले तरी आपला डेटा राहावा, यासाठी डी ड्राइव्ह.

भाग पाडण्याचा खरा फायदा

पहिला फायदा हाच. विंडोज खराब झाले, व्हायरस शिरला, कॉम्प्युटर सुरूच होईना, तर फक्त सी फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकता येते. डीमधल्या फाईल्स जागच्या जागी राहतात.

दुसरा फायदा म्हणजे शिस्त. ऑनलाइन सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, फोटो स्टुडिओ, दूध डेअरी अशा ठिकाणी एकाच कॉम्प्युटरवर रोज ढीगभर फाईल्स येतात. विंडोज एकीकडे आणि काम दुसरीकडे असेल, तर शोधायला आणि बाहेर प्रत काढायला सोपे जाते.

तिसरा फायदा मोजक्या लोकांसाठी आहे. विंडोजसोबत लिनक्सही टाकून पाहायचे असेल, तर त्याला स्वतंत्र भाग द्यावा लागतो.

आता गैरसमजही दूर करू. भाग पाडल्याने कॉम्प्युटर वेगवान होत नाही. वेग हवा असेल तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवेल. तसेच सॉफ्टवेअर डीमध्ये टाकले म्हणजे नवीन विंडोज आल्यावर ते तसेच चालेल, असेही नाही. त्याच्या नोंदी सीमधल्या विंडोजमध्ये असतात. बहुतेक सॉफ्टवेअर पुन्हा टाकावेच लागते.

बांधाने पूर अडत नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. नदीला पूर आला तर बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोन्ही तुकडे पाण्याखाली जातात. हार्ड डिस्कचेही तेच. खालील प्रसंगांत डी ड्राइव्ह वाचत नाही:

- हार्ड डिस्क स्वतःच बिघडली. लॅपटॉप पडला, डिस्क टकटक आवाज करू लागली, एसएसडी अचानक दिसेनाशी झाली.
- वळवाच्या पावसात वीज पडली किंवा विजेचा दाब एकदम वाढला.
- लॅपटॉप चोरीला गेला, किंवा त्यावर पाणी सांडले.
- खंडणी मागणारा व्हायरस आला. हा फाईल्सना कुलूप लावतो आणि पैसे मागतो. तो सी आणि डी असा भेद करत नाही. त्या वेळी जोडलेला पेनड्राइव्हही सोडत नाही.
- दुरुस्ती करताना कोणी चुकून सगळे भाग डिलीट केले.

म्हणून सीमधल्या फोटोंची डीमध्ये एक कॉपी करून ठेवली आणि निर्धास्त झालो, असे करू नका. प्रती दोन दिसतात, पण त्या एकाच डिस्कवर असतात.

जगभर एक सोपा नियम सांगतात, तीन-दोन-एक. महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडे तो असा पाळता येईल: एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत. दाखले, मार्कशीट, पासबुकचे स्कॅन हे काही फार मोठे नसतात, ते ऑनलाइन सहज मावतात. फोटो-व्हिडिओ जास्त असतील तर बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि प्रत काढून झाली की ती कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवली तर ती वेगळी राहत नाही.

तुमच्याकडे डिस्क एक आहे की दोन?

काही कॉम्प्युटरमध्ये छोटी एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क अशा दोन डिस्क असतात. तेव्हा सी एकीवर आणि डी दुसरीवर असतो. हे दोन वेगळे गट नंबर झाले, एका शेतातला बांध नव्हे. अशा कॉम्प्युटरला भाग पाडण्याची गरज नाही.

हे पाहायचे कसे? स्टार्ट बटणावर माऊसचे उजवे बटण दाबा. यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडा. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात आडव्या पट्ट्या दिसतील. डाव्या बाजूला ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ असे लिहिलेले असते. सी आणि डी दोन्ही ‘डिस्क ०’च्या पट्टीत असतील तर डिस्क एकच आहे. डी ‘डिस्क १’च्या पट्टीत असेल तर डिस्क दोन आहेत. नुसते पाहण्याने काही बिघडत नाही. फक्त कुठल्याही पट्टीवर डिलीट किंवा फॉरमॅट दाबू नका.

इथे आणखी एक गोष्ट दिसेल. ५०० जीबीची डिस्क ४६५ जीबी दाखवते आणि १ टीबीची ९३१ जीबी. दुकानदाराने फसवले असे समजू नका. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. जागा तीच, मोजमाप वेगळे.

सीच्या आजूबाजूला काही लहान भागही दिसतील. एक साधारण १०० एमबीचा किंवा थोडा मोठा ‘ईएफआय’ नावाचा, दुसरा काहीशे एमबीचा ‘रिकव्हरी’ नावाचा. कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी पहिला लागतो, बिघडल्यावर दुरुस्तीसाठी दुसरा. ‘एवढीशी जागा कशाला वाया’ म्हणून ते उडवू नका. ईएफआयचा भाग गेला तर विंडोज सुरूच होणार नाही.

कोणी पाडावेत, कोणी नाही, आणि किती जागा द्यावी?

*१२८ किंवा २५६ जीबी एसएसडी:* भाग पाडू नका. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबीची डिस्क लागते, आणि अपडेट, सॉफ्टवेअर, डाउनलोड धरले तर सी भराभर वाढतो. भाग पाडलात तर सहा महिन्यांत सी लाल होईल आणि डी रिकामा पडून राहील. त्याऐवजी सीमध्येच एक फोल्डर करा आणि त्याची प्रत बाहेर ठेवा.

*५०० किंवा ५१२ जीबी:* सीला २०० जीबीच्या आसपास ठेवा, उरलेले डीला द्या. खूप सॉफ्टवेअर किंवा गेम असतील तर सी २५० करा.

*१ टीबी किंवा जास्त:* सीला २५० ते ३०० जीबी पुरे. बाकी डी.

*आधीच सी, डी, ई, एफ असे चार भाग आहेत:* सगळीकडे थोडी-थोडी जागा उरते आणि मोठी फाईल कुठेच बसत नाही. पण कॉम्प्युटर ठीक चालत असेल तर आहे तसे राहू द्या. पुढच्या वेळी नवीन विंडोज टाकताना, सगळा डेटा बाहेर काढून, दोनच भाग करून घ्या.

*डिस्क खूप हळू झाली आहे, आवाज करते, फाईल उघडताना अडकते:* भाग पाडायला घेऊ नका. हे डिस्क जाण्याचे लक्षण असू शकते. आधी डेटा बाहेर काढा आणि डिस्क बदला.

हात लावण्यापूर्वी चार कामे

१. प्रत काढा आणि उघडून पाहा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही चार ठिकाणे सीमध्येच असतात. तिथल्या कामाच्या फाईल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाईल्स उघडून पाहा. नुसते नाव दिसले म्हणजे फाईल चांगली आहे असे नाही. पेनड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नसेल, तर तो एफएटी-३२ प्रकारात फॉरमॅट केलेला आहे. त्यातला डेटा काढून तो एक्सएफएटी प्रकारात फॉरमॅट केला की मोठी फाईल बसते.

२. विजेची सोय बघा. भाग पाडताना मध्येच लाईट गेली तर नोंद अर्धवट राहू शकते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा आणि चार्जर लावूनच ठेवा. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. भारनियमनाच्या वेळेत हे काम काढू नका.

३. बिटलॉकरची चावी लिहून ठेवा. नवीन लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असू शकते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हच्या पट्टीवर ‘बिटलॉकर एन्क्रिप्टेड’ असे लिहिलेले दिसले, तर कुलूप आहे असे समजा. त्याची ४८ आकडी रिकव्हरी चावी असते. लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले, बहुतेक वेळा ती त्या खात्यात साठवलेली असते. ती वहीत उतरवून घ्या. कॉम्प्युटरने कधी चावी मागितली आणि ती मिळाली नाही, तर दुरुस्तीवालाही डेटा काढू शकत नाही.

४. सी थोडा मोकळा करा. रिसायकल बिन रिकामा करा, डाउनलोड्समधले जुने पीडीएफ आणि व्हिडिओ काढा. सीमध्ये जेवढी जागा रिकामी, तेवढीच डीला देता येते.

भाग पाडण्याच्या पायऱ्या

वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये सोय आहेच. अशा पद्धतीने केल्यास सीमधला डेटा जात नाही. तरीही वरची प्रत काढल्याशिवाय सुरुवात करू नका.

१. स्टार्टवर उजवे बटण, मग ‘डिस्क मॅनेजमेंट’.

२. सी असलेल्या पट्टीवर उजवे बटण दाबा आणि ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. विंडोज किती जागा काढता येईल ते तपासेल. थोडा वेळ लागतो, घाई करू नका.

३. आता एक आकडा विचारला जाईल. इथेच बहुतेकांची गफलत होते. हा आकडा सीमधून काढायच्या जागेचा आहे, सीमध्ये ठेवायच्या जागेचा नाही. आणि तो एमबीमध्ये टाकायचा असतो. १ जीबी म्हणजे १,०२४ एमबी. डी १०० जीबीचा हवा असेल तर १०२४००, २०० जीबीचा हवा असेल तर २०४८००. मधे स्वल्पविराम देऊ नका.

४. ‘श्रिंक’ दाबा. काम झाले की सीच्या शेजारी काळ्या रंगाची रिकामी पट्टी दिसेल. तिच्यावर ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेले असते. म्हणजे रान मोकळे झाले, अजून कोणाच्या नावावर नाही.

५. त्या काळ्या पट्टीवर उजवे बटण, मग ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’. ‘नेक्स्ट’ करत जा. जागा पूर्ण घ्या. अक्षर डी निवडा. डीव्हीडी ड्राइव्हने डी घेतला असेल तर ई आला तरी चालतो.

६. फाईल सिस्टीम एनटीएफएस ठेवा. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण राहू द्या. ‘व्हॉल्यूम लेबल’मध्ये नाव द्या, जसे ‘घर’ किंवा ‘दुकान’. मराठीत दिले तरी चालते. शेवटी ‘फिनिश’.

झाले. ‘धिस पीसी’ उघडा, नवा ड्राइव्ह दिसेल.

मध्येच अडकलात तर

*सीमध्ये ३०० जीबी रिकामे आहेत, पण विंडोज १०० जीबीच काढू देते.* सीच्या मधोमध विंडोजच्या काही फाईल्स बसलेल्या असतात. त्या जागेवरून हलत नाहीत. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून एकदा पुन्हा करून पाहा. नाही जमले तर मिळेल तेवढ्यावर भागवा. यूट्यूबवर बघून कुठलेही फुकटचे किंवा क्रॅक केलेले पार्टिशन सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. क्रॅक सॉफ्टवेअरसोबतच व्हायरस घरात येतो.

*‘डायनॅमिक डिस्क’मध्ये बदलू का, असा प्रश्न आला.* ‘नो’ म्हणा आणि तिथेच थांबा. जुन्या एमबीआर पद्धतीत ४ मुख्य भाग आधीच असतील तर असे विचारतो. हो म्हटले तर पुढे विंडोज टाकताना त्रास होतो.

*सी कमी पडतो, डीमधली जागा सीला द्यायची आहे.* बांध सरकवायचा तर शेजारचे रान मोकळे पाहिजे. डीमधला सगळा डेटा बाहेर काढा, डी डिलीट करा, मग सीवर उजवे बटण दाबून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करा. डी सीला लागून उजवीकडे असेल तरच हे जमते. मध्ये रिकव्हरीचा भाग असेल तर हा पर्याय फिका दिसतो आणि दाबता येत नाही. अशा वेळी जाणकाराकडे जा. डी डिलीट करताच त्यातले सगळे जाते, हे विसरू नका.

खरे तर सी भरला म्हणून लगेच भाग बदलण्याची गरज नसते. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, मग ‘स्टोरेज’ उघडा. तात्पुरत्या फाईल्स आणि जुन्या विंडोजचे फोल्डर तिथून काढता येते. बरेचदा तेवढ्याने काम भागते.

डी झाला, आता सवय बदला

डी तयार झाला म्हणून फाईल्स आपोआप तिकडे जात नाहीत. मोबाईलवरून व्हॉट्सॲपने आलेली, ईमेलने आलेली, वेबसाइटवरून उतरवलेली फाईल डाउनलोड्समध्ये जाते. डाउनलोड्स सीमध्ये असते.

डीमध्ये सरळ नावांची तीन-चार फोल्डर करा: कागदपत्रे, शेती, शाळा, फोटो. आत माणसाच्या नावाने फोल्डर ठेवा. डेस्कटॉपवर त्याचा फक्त शॉर्टकट ठेवा. शॉर्टकट गेला तरी फाईल जात नाही.

डॉक्युमेंट्स फोल्डर कायमचे डीला हलवायचे असेल, तर डीमध्ये आधी ‘डॉक्युमेंट्स’ नावाचे नवे फोल्डर करा. मग जुन्या डॉक्युमेंट्सवर उजवे बटण, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’ असे करून ते नवे फोल्डर दाखवा. थेट डी ड्राइव्हच निवडू नका, नाहीतर सगळा डीच डॉक्युमेंट्स होऊन बसतो. वनड्राइव्ह चालू असेल तर हा पर्याय वेगळा वागू शकतो. मग साधे फोल्डर करून हाताने सेव्ह करणेच बरे.

दुकानात फॉरमॅटला देताना हे सांगा

- “फक्त सी फॉरमॅट करा. बाकी भागांना हात लावू नका.” विंडोज टाकताना सगळ्या भागांची यादी समोर येते. तिथे घाईत सगळेच डिलीट केले तर डीही जातो. ‘रीसेट धिस पीसी’मध्येही ‘सर्व ड्राइव्ह’ असा पर्याय असतो. तो नको.
- डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स स्वतः उघडून पाहा, मगच लॅपटॉप द्या.
- जुने मराठी टायपिंग असेल तर फॉन्टही जपून ठेवा. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईल्स तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत दिसतात. फॉन्ट विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये, म्हणजे सीमध्येच असतात. ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा यांच्या जुन्या कागदांसाठी हे फार महत्त्वाचे आहे.
- हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डेटा कुठे साठतो ते बघा. अनेकदा तो सीमध्ये असतो. त्याचा बॅकअप वेगळा घ्या.
- ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर हे सगळे पुन्हा टाकावे लागते. यादी आधीच करून ठेवा.

चुकून भाग उडाला तर?

घाबरू नका, पण लगेच थांबा. भाग डिलीट झाला म्हणजे बहुधा फक्त नोंद पुसली गेली. नकाशावरची रेघ पुसली तरी रान जागेवर असते. त्या डिस्कवर नवीन काही लिहिले नाही, तर डेटा परत मिळण्याची शक्यता असते.

- त्या डिस्कवर काहीही सेव्ह करू नका, नवीन विंडोज टाकू नका.
- ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर ‘कॅन्सल’ दाबा.
- रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून करा. टेस्टडिस्क हे हरवलेले भाग शोधणारे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या सोबतचे फोटोरेक फाईल्स शोधते. सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.
- मिळालेल्या फाईल्स दुसऱ्या डिस्कवर घ्या.
- सीमध्येच नवीन विंडोज टाकले, पण फॉरमॅट केले नाही असे असेल, तर सीमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर शोधा. जुना डेस्कटॉप त्यात सापडू शकतो. ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊ शकते, म्हणून उशीर करू नका.

एसएसडी असेल तर आशा कमी. पुसलेली जागा एसएसडी स्वतःच आतून साफ करत असते, त्यामुळे तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो. डिस्क टकटक करत असेल तर घरी प्रयोग करू नका, कॉम्प्युटर बंद करा.

शेवटी एवढेच लक्षात ठेवा

डिस्क मोठी असेल तर दोन भाग करा, लहान असेल तर राहू द्या. भाग पाडल्याने फॉरमॅटचे काम सोपे होते, पण डेटा सुरक्षित होत नाही. तो सुरक्षित होतो बाहेर ठेवलेल्या प्रतीने. म्हणून आज डिस्क मॅनेजमेंट उघडण्याआधी एक पेनड्राइव्ह घ्या. घरातल्या सगळ्यांचे दाखले, मार्कशीट, जमिनीचे कागद आणि जे फोटो पुन्हा काढता येणार नाहीत ते, एवढे त्यात उतरवा आणि कपाटात ठेवा. भाग पाडायचे काम उद्या केले तरी चालेल.

घरात किंवा गटात कोणाचा लॅपटॉप फॉरमॅटला जाणार असेल, तर त्यांनाही ही माहिती आधी पाठवा.